रविवारची कोंबडी

तुळसाकाकू नागवेकरांच्या मागच्या दोन खोल्या बघायला कुणी आलं, की काकू त्याला आधी खळं दाखवायच्या. खोल्या नंतर.

दिवाळी झाली की त्या स्वतः तांबडी माती आणून, भिजवून, चोपण्याने ठोकून घरापुढचं ते अंगण असं करायच्या, की वर सांडलेलं तूप पुसून घ्यावं. आळीतल्या बायका आपली आमसुलं नि पापड वाळवायला तिथे घेऊन यायच्या, आणि काकू पायरीवर बसून कुणी कुठे पसरायचं ते सांगायच्या. नवरा कस्टमच्या लाँचवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला गोदीत. घरात काकू एकट्या, आणि खळं.

"माणसं कितीबी येऊ देत तुझ्याकडे," त्या नव्या भाडेकरूला सांगायच्या. "पावणे येऊ देत, रेडिओ लाव, कवाबी ये, कवाबी जा. पण जनावर नाय. कुत्रं नाय, मांजर नाय, शेळीचं पिल्लू नाय."

या नियमाला इतिहास होता. आधी शाळेतलं एक जोडपं राहायला होतं. त्यांच्या मांजरीने काकूंच्या पेटाऱ्यात शिरून ठेवणीतल्या लुगड्यावर पिल्लं घातली. त्यांच्यानंतर बँकेतले एक साहेब आले. त्यांच्या कुत्र्याने वाळत घातलेले बांगडे खाल्ले, आणि नाही संपले ते पुढे लागतील म्हणून खळ्याच्या मधोमध खड्डा करून पुरून ठेवले. साहेब चांगले होते, कुत्राही तसा प्रेमळच होता. काकूंनी दोघांनाही घालवलं.

मग आली मैना शिगवण. संगमेश्वराकडच्या खेड्यातली पोरगी, सरकारी दवाखान्यात नर्स. आली ती एक वळकटी, एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन. जनावर सोडा, तिच्या सामानात एक झुरळसुद्धा नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिने काकूंच्या गुडघ्याला कसलंसं तेल चोळून दिलं, आणि काकूंनी मनात म्हटलं, ही टिकेल.

आषाढात एके दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. मैना ड्यूटीवरून आली ती एका हातात उलटी झालेली छत्री आणि दुसऱ्या काखेत पाय बांधलेली एक कोंबडी घेऊन.

"हे काय गो?" काकू पडवीतून म्हणाल्या.

"कोंबडी."

"ती दिसते मला. डोळे हायत अजून. कशाला आणलीस?"

"आणली नाही काकू, दिली. एकाची बायको अडली होती, काल सुटली. मुलगा झाला. तो आज गावाहून ही घेऊनच आला. म्हणाला, सिस्टर, नाय म्हटलंत तर मी हितंच बसून राहीन. आणि खरंच बसला हो दारात! डॉक्टर यायची वेळ झाली, मग काय करणार? घेतली."

"मग आता पाळणार तू ती?"

मैनेने काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग काखेतल्या कोंबडीकडे. कोंबडी भिजून चिंब झाली होती. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली, मान बारीक, आणि या दोघींपैकी कुणाशी बोलावं ते न कळल्यासारखी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"छे हो," मैना म्हणाली. "पाळायला कशाला? खायला! येत्या रविवारी."

काकूंचा चेहरा उजळला. एकटीसाठी कोंबडी कोण करणार, म्हणून त्यांनी शिमग्यापासून कोंबडी-वडे खाल्ले नव्हते.

"मग हरकत नाय," त्या म्हणाल्या. "खायची कोंबडी जनावरात धरत नाय मी. वडे माझ्याकडे लागले. कापायला हुसेनभायला सांगते."

हुसेनभाय शेजारच्या दगडी गडग्यापलीकडे राहायचे. सारा जन्म समुद्रावर मचवे हाकले, आणि आता घरी बसून बायकोचं, जन्नतबीचं, बोलणं ऐकत होते. आळीतल्या कुणाच्याही घरी कोंबडी कापायची असली की सुरी घेऊन जायचं, आणि मानाने चहा पिऊन यायचं, एवढाच आता त्यांचा बाहेरचा व्यवहार उरला होता.

तो रविवार आला. हुसेनभाय सुरीला धार लावून आले. मैना घरात नव्हती. दुसऱ्या एका नर्सच्या जागी अचानक ड्यूटी लागली, असा निरोप होता. हुसेनभाय चहा पिऊन गेले.

पुढच्या रविवारी संकष्टी निघाली. "मी करते हो काकू संकष्टी," मैना म्हणाली. काकूंनी तिला कधी उपास करताना बघितलं नव्हतं, पण देवाच्या कामात कोण विचारणार? हुसेनभाय चहा पिऊन गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी मैनेचा उजवा डोळा लवत होता.

"मेलीचा डोळा लवतो तर कोंबडीचं काय?" हुसेनभाय म्हणाले.

"बाईचा उजवा डोळा लवला तर वाईट असतं," काकूंनी त्यांना समजावलं, आणि समजावताना त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली. ही पोरगी दिवसभर दवाखान्यात रक्त बघते, टाके घालते, आणि हिला आता डोळा लवतो?

त्याच संध्याकाळी शंका पक्की झाली. मागच्या पडवीतून मैनेचा आवाज आला. "कवडे, अगं ओलं खाऊ नको. कवडे! ये इकडे."

काकू दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "नाव ठेवलंस तिला?"

मैना दचकली. "नाव असं नाही काही. ठिपके आहेत ना, कवड्यांसारखे, म्हणून आपलं..."

"नाव ठेवलंस तर खाणार कशी गो?"

"खाणार ना. नक्की खाणार. पण आता श्रावण लागतोय, काकू. तुम्ही तरी श्रावणात खाता का?"

काकू श्रावणात खात नव्हत्या. श्रावण संपला तर गणपती आले. गणपती गेले तर पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात कापली तर कावळ्यांच्या आधी आपणच जेवल्यासारखं होईल, असं मैनेने काढलं. ते शास्त्र काकूंनी कधी ऐकलं नव्हतं, पण खोडून काढायलाही त्यांना काही सुचलं नाही. मग नवरात्र. सगळं पंचांगच त्या कोंबडीच्या बाजूने उभं राहिलं होतं.

आणि कवडीही काही नुसती बसून नव्हती. गणपतीच्या आगेमागे ती अंडी द्यायला लागली. मैना अंडं आणून काकूंच्या चुलीजवळ ठेवायची आणि काही न बोलता जायची.

"मला सवय लावू नको हां," काकू तिच्या पाठीमागून ओरडायच्या, आणि अंडं उकडायला टाकायच्या.

मैना ड्यूटीवर गेली की कवडी पुढच्या पडवीत यायची. काकू सुपात तांदूळ निवडत असल्या की ही समोर येऊन उभी. काकू खडा बाजूला टाकायच्या, ही धावत जाऊन तो खडा तपासायची आणि नापसंतीने काकूंकडे बघायची. मग काकू चार दाणे टाकायच्या. "हे घे नि चालती हो." ती चालती व्हायची नाही. काकू तिला दुनियेचं काय काय सांगायच्या. सून पत्राला उत्तर कशी देत नाही, जन्नतबीने पापडात मीठ कसं जास्त घातलं. मैना यायची वेळ झाली की "हुश, हुश" करून मागे हाकलायच्या. एकदा जन्नतबीने गडग्यावरून हे सगळं ऐकलं.

"कुणाशी बोलतेस गो तुळसा?"

"कुणाशी नाय. शिव्या घालतेय मेल्या कोंबडीला."

"अशा शिव्या मला कुणी घालत नाय," जन्नतबी म्हणाली.

दिवाळी झाली. काकूंनी माती आणवली. मैनेने सुट्टीचा अख्खा दिवस काकूंबरोबर चोपणं चालवलं, हाताला फोड आले तरी थांबली नाही. संध्याकाळी काकूंनी शेणाचा हात फिरवला. गुडघे धरून पायरीवर बसल्या आणि दिवेलागणीच्या उजेडात किती तरी वेळ त्या खळ्याकडे बघत राहिल्या. इतकं नितळ खळं याआधी त्यांच्या हातून झालं नव्हतं.

"सुकेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाय," त्यांनी गडग्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

सकाळी दार उघडलं तर तुळशीपासून पायरीपर्यंत तीन-तीन बोटांची पावलं. गेलेली आणि आलेली. मधेच कुणाची तरी वाट बघत घुटमळलेली. आणि खळ्याच्या बरोबर मध्यावर, जिथे साहेबांच्या कुत्र्याने बांगडे पुरले होते तिथेच, एक गोल खोलगट खड्डा. त्यात कवडी अंग पसरून, डोळे अर्धे मिटून, पंखांनी माती उडवत अंघोळ करत होती. काकू दिसल्याबरोबर तिने मान वर केली आणि ओळखीचा आवाज काढला.

त्यानंतर काकूंनी जो आवाज काढला, तो ऐकून मैना केस तसेच मोकळे टाकून धावत आली.

"बघ! बघ तुझ्या कवडीचं काम!"

"काकू, मी लिंपून देते. आत्ता देते. रजा काढते."

"काय नको! आषाढापासून ऐकते मी. खायची कोंबडी, खायची कोंबडी! ही खायची कोंबडी हाय? हिला तू मांडीवर घेऊन बसतेस. मी बघितलंय. मी तुला पयल्याच दिवशी सांगितलं होतं, जनावर पाळायचं नाय या घरात. आता येत्या रविवारी ही टोपात गेली पायजे. नायतर तू दुसरी खोली बघ."

काकूंना वाटलं होतं, मैना रडेल. हातापाया पडेल. मग आपण थोडं ताणून धरू, आणि मग काय ते बघू.

मैना एवढंच म्हणाली, "बरं, काकू."

आठवडाभर तो "बरं" काकूंच्या कानात खुपत राहिला. चार घरं पलीकडे एक खोली रिकामी होती, हे त्यांना ठाऊक होतं. मैनेलाही ठाऊक असणार.

रविवारी सकाळी मैना ड्यूटीचे पांढरे कपडे करून, टोपली घेऊन दारात आली. टोपलीवर फडकं बांधलं होतं. आत खुडबुड चालली होती.

"ही घ्या, काकू. मी दुपारी जेवायलाच येते. माझ्यासमोर नको एवढंच." आणि चपला घालून ती निघालीसुद्धा. डोळे ठणठणीत कोरडे. जाताना काकूंना वाटलं, ती गुणगुणत होती. असं कसं गुणगुणेल? भास झाला असेल.

काकूंनी खोबरं किसलं, कांदा भाजला. वाटप वाटताना दोनदा थांबल्या. वड्याचं पीठ मळलं. ते सैल झालं, त्यात पीठ घातलं तर घट्ट झालं. तेवढ्यात हुसेनभाय आले.

"आज तरी हाय का काम, का चहाच?"

"हाय. मागल्या दारी चला."

काकूंनी फडकं सोडलं आणि कोंबडी बाहेर काढली. हुसेनभाय म्हणाले, "धर नीट. पंख धर." काकूंनी तिला छातीशी धरली. हलकी होती. पिसांच्या आत, अगदी हाताखाली, धडधड चालली होती. पाट्यावरच्या खोबऱ्याकडे एकदा बघून कोंबडीने मान वळवली आणि एका डोळ्याने काकूंकडे बघितलं. काकूंनी नजर वळवली ती समोरच्या फणसाकडे.

"हुसेनभाय, आज वार काय?"

"रविवार. म्हणून तर आलो."

"आणि तिथी?"

"तिथी तू मला विचारतेस?"

हुसेनभाय सुरी धरून उभे होते. शेवटी काकू म्हणाल्या, "बाई वंगाळ झालं माझं नशीब. माझ्याच्याने व्हायचं नाय हे."

"मी करतो. तू आत जा."

"तसं नाय ओ. तुमच्याच्यानेबी व्हायचं नाय. मी होऊ द्यायची नाय." काकूंनी पदराने नाक पुसलं आणि एकदम आवाज खाली आणला. "ऐका माझं. हिला सदऱ्याखाली लपवा नि घरी न्या. जन्नतला सांगा, चार दिवस सांभाळ म्हणून. आणि बाजारातून मला एक कोंबडी आणून द्या, कापलेली. मैनेला यातलं एक अक्षर कळता कामा नये. मी एकदा बोललेय, नाक जाईल माझं."

हुसेनभायनी कोंबडी हातात घेतली. उलटी करून तिचे पाय बघितले. मग तोंड बघितलं. मग परत पाय.

"ही तर..." ते म्हणाले.

"ही तर काय?"

"काय नाय. ही तर चांगली वजनदार झालीय." आणि कोंबडी सदऱ्यात घालून ते गडग्याच्या वाटेने गेले. जाताना त्यांचे खांदे हलत होते. त्यांना खोकला झाला असावा, असं काकूंना वाटलं.

दुपारी मैना आली. काकूंनी दोन पानं मांडली होती. एकात कोंबडीचा रस्सा, वडे, कांदा. दुसऱ्यात नुसता भात आणि सोलकढी.

"तुम्ही नाही घेतलंत?"

"उपास हाय मला."

"रविवारचा?"

"धरलाय नवा. सूर्याचा."

"सूर्याच्या उपासाला भात चालतो?"

"माझ्या सूर्याला चालतो. तू जेव."

काकूंची खात्री होती, पहिल्याच घासाला ही पान बाजूला सारणार. आपण तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि मग सावकाश, रात्रीपर्यंत ताणून, खरं काय ते सांगायचं. त्या हात फिरवायला तयार होऊन बसल्या.

मैनेने वडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला.

"अगाई गं," ती म्हणाली. "काय झालंय हो काकू!"

काकूंना वाटलं, आता रडते. मैनेने दुसरा वडा घेतला. मग तिसरा. मग तंगडी उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि हाड चोखायला लागली. डोळे मिटून.

"बरी शिजलीय?" काकूंनी बारीक आवाजात विचारलं.

"लोण्यासारखी! अजून रस्सा आहे?"

काकूंनी रस्सा वाढला. ही तीच पोरगी? जिने त्या मुक्या जीवाला पावसात पोटाशी धरून आणलं, नाव ठेवलं, "ओलं खाऊ नको" म्हणून सांगितलं? आणि आता तिचीच हाडं ही अशी चोखतेय? ही तर राक्षसीण! हिच्या हातून आपण गुडघ्याला तेल लावून घेत होतो! काकू उठून मागच्या दारी गेल्या आणि डोळे पुसून आल्या.

"काकू, रडताय तुम्ही?"

"कांदा चिरला मगाशी."

"तुम्हाला वाईट वाटतंय का कवडीचं?" मैनेने हाड खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं. सांगावं की नाही, असं काहीतरी.

"मला? कोंबडीचं? मला माझ्या खळ्याचं वाईट वाटतंय," काकू म्हणाल्या, आणि त्यांना मोठ्याने हुंदका आला.

त्याच वेळी गडग्याकडून कलकलाट ऐकू आला. जन्नतबी येत होती. एका काखेत ठिपक्यांची एक कोंबडी, दुसऱ्या काखेत ठिपक्यांची दुसरी कोंबडी, आणि दोघी तिच्या पोटावरून एकमेकींना टोचायला बघत होत्या. मागून हुसेनभाय, तोंडावर रुमाल धरून.

"घ्या बाबा आपापल्या!" जन्नतबीने दोन्ही पायरीवर सोडल्या. "सकाळपासून माझ्या खुराड्यात नुस्ती मारामारी. एक येते पहाटे, सिस्टर सांगते, जन्नतचाची, कुणाला बोलू नका. दुसरी येते दहा वाजता, तुळसा निरोप धाडते, कुणाला बोलू नको. मी किती जणींचं पोटात ठेवू?"

काकूंनी दोन्ही कोंबड्यांकडे बघितलं. मैनेने काकूंकडे बघितलं, मग आपल्या पानाकडे.

"म्हणजे काकू... तुम्ही कापली नाहीत?"

"म्हणजे तू मला कवडी दिलीच नाय?"

"कवडीचं एक बोट वाकडं आहे. ही बघा, ही कवडी. तुम्हाला दिली ती जन्नतचाचींची. त्या कापणारच होत्या तिला येत्या शुक्रवारी, मी मागून घेतली."

"आमच्या घरचीच कोंबडी सदऱ्यात घालून परत घरी नेली मी," हुसेनभाय रुमालाआडून म्हणाले. "बोललो नाय. तुझं नाक जाईल म्हणालीस ना."

मैना अजून पानाकडे बघत होती. "मग मी खाल्ली ती कोण?"

"ती बाजारातली," काकू म्हणाल्या. "ती आपल्या ओळखीची नव्हती."

आधी जन्नतबी हसली. मग हुसेनभायनी रुमाल काढून टाकला. मैना हसायला लागली आणि तिला ठसका लागला. काकू मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या.

"मेले, तू मला फसवलंस! मी सकाळपासून उपाशी हाय! कुणासाठी? परक्या कोंबडीसाठी! तिचा नि माझा काय संबंध? मी तिच्यासाठी रडले!"

"आणि तुम्ही मला फसवलंत ते? मला वाटलं, तुम्ही खरंच कापाल. मी खोलीसुद्धा बघून ठेवली होती पलीकडे."

काकूंचा हात कमरेवरून खाली आला. "घेतलीस का काय?"

"नाही अजून."

काकू पाटावर बसल्या. सोलकढीचं पान बाजूला सारलं. "वाढ मला," त्या म्हणाल्या. "रस्सा गरम कर आधी. आणि जन्नतला पण पान घे. सूर्याचा उपास सुटला माझा."

जेवणं झाल्यावर जन्नतबी आपली कोंबडी उचलायला गेली, तर काकू आडव्या आल्या. हिला मी छातीशी धरली होती, आता ती शुक्रवारी टोपात जायची नाय, असं त्यांचं म्हणणं. बरीच घासाघीस होऊन शेवटी एक तवा आणि आमसुलांचा डबा यांच्या बदल्यात ती कोंबडी काकूंकडे राहिली. आता घरात भाडेकरणीची एक आणि मालकिणीची एक अशा दोन कोंबड्या झाल्या. खळं काकूंनी परत नव्याने केलं. या वेळी भोवती काट्यांचं उंच कुंपण घातलं, त्याला एक फाटक ठेवलं. आळीतले लोक म्हणायचे, सगळ्या जगात कोंबड्या कोंडतात, तुळसाने खळं कोंडलंय. काकू म्हणायच्या, ज्याला बघवत नसेल त्याने दुसरीकडे पापड वाळवावेत.

दोन वर्षांनी मैनेची खेडला बदली झाली. त्या दिवसांत खेडमध्ये खोली मिळणं कठीण होतं. जवळच्या लोटे गावातल्या कंपन्यांतली पोरं जिथे कौल दिसेल तिथे भाड्याने राहत होती. एक जागा कळली ती आप्पा खेडेकर म्हणून एका पेन्शनर गृहस्थांची. मैना बघायला निघाली तर काकू नवं लुगडं नेसून तयार. "तुला बोलता येत नाय मालक लोकांशी," त्या म्हणाल्या. कवडी टोपलीत, टोपली काकूंच्या मांडीवर, अशा तिघी एस.टी.ने गेल्या.

आप्पांनी खोली दाखवली. खोली चांगली होती. मग त्यांची नजर टोपलीकडे गेली.

"एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "आमच्याकडे जनावर चालत नाही."

"कोंबडी हाय," काकू म्हणाल्या.

"कोंबडी का असेना. घाण होते, बागेची नासाडी होते. आमची अबोली बघितलीत का? स्वतः लावलीय मी."

मैनेने काकूंचा हात दाबला. काकूंनी टोपली ओटीवर ठेवली आणि स्वतःही बसल्या, न सांगता, जशा काही कित्येक वर्षांच्या ओळखीच्या घरी आल्यात.

"मीपण मालकीण हाय," त्या म्हणाल्या. "मला कळतं तुमचं. ही कोंबडी दोन वर्षांवर माझ्याकडे होती."

"मग तुम्हीच सांगा. खरं सांगा हं. काही त्रास नाही दिला हिने?"

काकूंनी विचार केला. खोटं बोलायची तयारी त्या घरून करून आल्या होत्या. चार-दोन वाक्यं एस.टी.त मनाशी घोकलीही होती.

"दिला," त्या म्हणाल्या. "लई दिला. माझं खळं उकरलं, तुळशीखालची माती काढली. एकदा माझ्या अंथरुणात अंडं घातलं, मी त्यावर निजले."

"काकू!" मैना कळवळून म्हणाली.

"मग ठेवलीत कशाला?" आप्पांनी विचारलं.

"दुपारची कुणीतरी बोलायला लागतं ओ," काकू म्हणाल्या. "पोर जाते कामावर. तुम्ही पेन्शनर. तुम्ही काय करता दुपारचं?"

फडक्याखालून कवडीने डोकं बाहेर काढलं होतं आणि मान वाकडी करून ती त्यांच्या चष्म्याकडे बघत होती. आप्पाही तिच्याकडे बघत होते. मग ते उठले आणि आत गेले. येताना त्यांच्या हातात पाण्याची वाटी होती.

"अबोलीकडे जाऊ देणार नाही मी तिला," ते म्हणाले, आणि वाटी टोपलीपाशी ठेवली.